जांभळ्या डागांचा तपास

आमच्या घरात मसाल्याची यादी मी तोंडाने सांगते आणि सूनबाई लिहून घेते. ती लग्न होऊन आली तेव्हापासूनची ही पद्धत. मला लिहिता येतं, नाही असं नाही. पण सांगण्यात जी मजा आहे ती लिहिण्यात कुठे?

त्या दिवशीही तसंच चाललं होतं. एप्रिलचे दिवस, रविवारची दुपार, मुलगा सोफ्यावर आडवा.

"बेडगी किती?" सूनबाईने विचारलं.

"दोन किलो लिही."

"आई, मागच्या वर्षी दीड होती."

"मागच्या वर्षी तुझी नणंद डाएटवर होती. यंदा सुटली ती त्यातनं."

मग धणे, बडीशेप, त्रिफळं, दगडफूल. दगडफूल एवढं एवढं घे, असं दाखवायला मी हात वर केला, पदर खांद्यावर सरकला आणि मुलगा सोफ्यावरून उठून बसला.

"आई, हे काय?"

डाव्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटं, जांभळा पट्टा होता. त्याच्या बाजूला जुना, तपकिरी पडलेला आणखी एक. मी पटकन पदर ओढला.

"काही नाही रे. जांभूळ सांडलं असेल."

"एप्रिलमध्ये जांभूळ?"

मी पदर आणखी घट्ट धरला.

मुलाला राग आला, त्याला कारण होतं, ते सांगून टाकते. मागच्या वर्षी मसाला गल्लीत मी पडले होते. फार नाही, मिरचीच्या पोत्यावरच पडले, त्यामुळे लागलं कमी आणि शिंका जास्त आल्या. पण घरी सांगितलं नाही. दुकानदाराने महिन्याभराने मुलाला विचारलं, "आजी बऱ्या आहेत ना आता?" तेव्हा सगळं बाहेर आलं. त्यामुळे या वेळी त्याने माझ्याकडे जे बघितलं, त्यात काळजी होती आणि अविश्वासही होता.

"तू परत पडतेस आणि लपवतेस," तो म्हणाला. "हे एका दिवसाचं नाही. एक जुनं आहे, एक नवं आहे."

"शपथ सांगते, पडले नाही."

"मग आलं कुठून?"

"मला काय माहीत! सकाळी उठले की असतं."

"यंदा मसाला विकतचा, पाकिटातला. आणि तू एकटीने लिफ्टने खाली उतरायचं नाही."

पाकिटातला मसाला! आमच्या घरात! माझे सासरे मिलमध्ये, माझे हे मिलमध्ये, दोघं पाळीवरून आले की त्यांना कालवणाच्या वासावरून कळायचं घरात काय आहे ते. आता मिल नाही, चाळ नाही, चाळीच्या जागेवर हा टॉवर उभा आहे आणि आम्ही त्याच्या सतराव्या मजल्यावर. पण मसाला गल्ली खाली तिथेच आहे, चालत दहा मिनिटं. वर्षातून एकदा मी तिथे एकटी जाते. मिरची हातात घेऊन मोडून बघते, बियांचा आवाज ऐकते, दुकानदाराशी भांडते, डंकावर उभी राहून माझ्यासमोर कांडून घेते. माझं म्हणून जे काही उरलंय, त्यात हे पहिलं. ते सोडायला मी तयार नव्हते.

आता पुढचा मूर्खपणाही सांगते. माझी चाळीतली शेजारीण आता आमच्याच टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहते. तिला हात दाखवला.

"गो, हा तर मुका मार," ती म्हणाली. "गरम तेलान चोळ. दाबून चोळ. रक्त साकळलाहा ता मोकळा होतला."

मी चोळलं. चांगलं दाबून, दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी पट्टा रुंद होऊन मनगटापर्यंत आला. शेजारणीने बघितलं आणि म्हणाली, "बघ, पसारताहा म्हणजे मोकळा होताहा." तिचा आत्मविश्वास मला आयुष्यभर आवडत आलाय.

मुलाने ते बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी मला परळला डॉक्टरकडे नेलं. हॉस्पिटलमधली ही डॉक्टर तरुण होती. माझ्या नातीच्या वयाची म्हटलं तरी चालेल. तिने हात हातात घेतला, इतका हळू की मला वाटलं नाडी बघतेय.

"आजी, कुठे आपटलात?"

"कुठेच नाही."

"पडलात?"

मुलगा मध्येच बोलला, "सांगणार नाही ती."

"तुम्ही बाहेर बसता का थोडा वेळ?" डॉक्टर त्याला म्हणाली. तो बाहेर गेला तसा मला तिचा फार अभिमान वाटला. मग तिने परत तेच विचारलं, मीही परत तेच सांगितलं, आणि या वेळी तिने ते खरं मानलं.

तिने सगळ्या गोळ्या मागितल्या. मी पिशवीच नेली होती, ती टेबलावर उलटी केली. रक्त पातळ ठेवायची गोळी, हृदयात स्प्रिंग बसवल्यापासूनची. प्रेशरची. आणि एक बिननावाची पट्टी, कात्रीने कापलेली.

"ही कसली?"

"गुडघ्याची. केमिस्ट देतो. दुखलं की घेते."

"किती वेळा दुखतं?"

"रोज."

ती हसली नाही. म्हणाली, "ही आजपासून बंद. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर अशा दुखण्याच्या गोळ्या घेतल्या की रक्त अजून लवकर सांडतं, पोटालाही धोका असतो. गुडघ्यासाठी मी दुसरं देते."

मी म्हटलं, "मग ती पातळ करायचीच बंद करते की. डाग त्यानेच येत असणार."

"आजी!" ती एवढ्या जोरात म्हणाली की बाहेर मुलगा उभा राहिला असेल. "ती आपल्या मनाने एक दिवससुद्धा चुकवायची नाही. हातावर डाग आला तर दिसायला वाईट दिसेल, बस. पण ती गोळी बंद करून स्प्रिंग बुजली तर जिवावर बेतेल."

मग तिने समजावलं. ते मला मिलवाल्याची बायको म्हणून फार चटकन कळलं. कापड जुनं झालं की विरतं, तसं कातडीचं होतं. खालचा चरबीचा थर कमी होतो, त्यातली रक्ताची बारीक नळी उघड्यावर आल्यासारखी राहते, तिला आधारच नसतो. त्यातून उन्हात काढलेली वर्षं. म्हणून डाग येतात ते हाताच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीवर. जिथे ऊन लागलं तिथे. तरुण माणसाला जे नुसतं टेकणं, ते आपल्याला आपटणं होतं. आणि आपल्याला कळतही नाही कधी लागलं ते.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," मी म्हटलं.

"नव्हता. पण हे बघा." तिने पट्ट्यावरून बोट फिरवलं, न टेकवता. "हा नवा, हा जुना, हा त्याहून जुना. तिन्ही एकाच रेषेत. म्हणजे तुमचा हात रोज एकाच कशावर तरी टेकतोय. ते शोधा."

तिने रक्त तपासायला दिलं. नव्या डागाभोवती बॉलपेनने रेघ काढली, जशी मुलं नकाशात काढतात. डाग रेघेच्या बाहेर गेला तर सांगा म्हणाली. नवीन लागलं की लगेच फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं, हात उशीवर उंच, आणि चोळणं अजिबात नाही. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं क्रीम लावायचं. बाह्या लांब घालायच्या. मुलाला आत बोलावून त्याला वेगळं लिहून दिलं: काही न लागता पोटापाठीवर डाग उठायला लागले, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, शौचाला काळं झालं, किंवा डोक्याला मार बसला, तर वाट न बघता यायचं. डोक्याचं तर जखम दिसत नसली तरी.

रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. मला वाटलं सुटले. पण मुलगा म्हणाला, "डॉक्टर म्हणाल्या ना, रोज कशावर तरी लागतंय. ते काय आहे ते कळल्याशिवाय मी तुला खाली एकटी सोडणार नाही."

"कळलं तर सोडशील?"

"कळलं तर सोडेन."

"मिरची संपायच्या आत?"

"तू शोध तर."

तर असा माझा तपास सुरू झाला. रेषेत लागतं म्हणजे काहीतरी काठ असणार, कडा असणार. घरातल्या कडा मी मोजायला बसले, तर घर म्हणजे नुसत्या कडाच! माझ्या खाटेचा लोखंडी पाइप. ओट्याची कड. बाथरूमच्या दाराची कडी. मी रात्री झोपेत हात टाकते, तो पाइपवर पडत असणार, असा माझा पहिला संशय.

पण नुसत्या संशयाने काय होतं? पुरावा पाहिजे. मी वाटीत खोबरेल तेल घेतलं, त्यात हळद कालवली आणि खाटेच्या पाइपला लावली. ओट्याच्या कडेला कुंकू, तेलातलंच. दाराच्या कडीला काजळ. म्हटलं, ज्याचा रंग हातावर उतरेल तो चोर.

पहिला चोर सापडला सकाळी साडेआठला. मुलगा मोजे घालायला माझ्या खाटेवर टेकला आणि ऑफिसच्या पांढऱ्या शर्टाला कोपरापासून खालपर्यंत हळद.

"आई! हे काय चाललंय?"

"तपास."

"माझं आज प्रेझेंटेशन आहे!"

"मग लोकांना सांग, घरी हळद होती."

त्याने शर्ट बदलला, पण जाताना हसला. मी बघितलं.

दुसरी सूनबाई. तिच्या गाऊनला पोटावर कुंकवाची आडवी रेघ. तिने गाऊन भिजत घातला. तिसरी मी स्वतः, पण काजळ लागलं तळहाताला. हातावर, जिथे पाहिजे तिथे, काही नाही. दिवसभर मी हात उलटासुलटा करून बघत होते. कोरा.

संध्याकाळी शेजारीण आली. तिला वाटलं आमच्याकडे रंगपंचमी चाललीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी रोजची कामं उरकली. तुळशीला पाणी, देवाचा तांब्या, भाजी धुणं, आंघोळीची बादली. दहा वाजता खुर्चीत बसले आणि हातावरचा पदर बाजूला केला. डाव्या हातावर, बरोब्बर त्याच जागी, नवा निळा पट्टा. चांगला वीतभर. बॉलपेनच्या रेघेच्या पार पलीकडे गेलेला.

मी कोणाला हाक मारली नाही. तशीच बसून राहिले. मनात आलं, संपलं आता. हळद नाही, कुंकू नाही, म्हणजे काठ नाही, कड नाही. रक्तच आपलं आपण येतंय. आता मुलगा सोडणार नाही, आणि त्याला तरी काय म्हणून सोड म्हणायचं? यादी फ्रिजवर लोहचुंबकाखाली लटकत होती. बेडगी, दोन किलो.

डोळे पुसायला पदर उचलला तर पदराला निळं. मला कळेना. मग पदराने हातावरून पुसलं, आणि तो डाग पुसला गेला! अर्धा गेला, अर्धा पदरावर आला. असा डाग कधी कोणाचा पुसला गेलाय का?

"सूनबाई!" मी एवढ्या जोरात ओरडले की ती हातातलं लाटणं घेऊनच आली. "हे बघ! हे काय आहे?"

तिने बघितलं, आणि लाटणं खाली केलं.

"नीळ आहे, आई. कपड्यांची. व्हॅसलीनमध्ये कालवून मी लावली होती. काल रात्री."

"कशाला लावलीस?"

ती हळूच म्हणाली, "पिंपाच्या काठाला."

आता पिंपाचं सांगायला पाहिजे. आमच्या घराच्या मागच्या बारक्या गॅलरीत माझं पाण्याचं पिंप आहे. प्लास्टिकचं, निळं, माझ्या कमरेच्या वर येणारं. चाळीत पाणी पहाटे चारला यायचं आणि तासाभरात जायचं. त्या तासाभरात जिने पिंप भरलं तिचा दिवस भरला. मी नवी नवरी असताना पहिल्या आठवड्यात उठायला उशीर झाला, पिंप रिकामं राहिलं, आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसतं तेव्हाच्या बुटक्या पत्र्याच्या पिंपावर झाकण ठेवून त्यावर बसून राहिल्या. त्या दिवसापासून मी एकदाही चुकले नाही. टॉवरमध्ये आलो तर चोवीस तास पाणी. मुलगा म्हणाला, पिंप टाकून देऊ. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पिंप आलं आमच्याबरोबर, त्या दिवशी लिफ्ट बंद म्हणून दोन माणसांनी जिन्याने सतरा मजले चढवलं.

आणि मी रोज पहाटे ते नळीने भरते, दिवसभर त्यातलं पाणी तांब्याने उपसते, उरलेलं दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून काढून पुन्हा भरते. उपसताना उजव्या हातात तांब्या आणि डावा हात काठावर. पाणी खाली गेलं की सगळा भार त्या डाव्या हातावर. इतकी वर्षं तो हात तिथे टेकतोय की तो टेकतो हेच मला माहीत नव्हतं. मी घरभर सगळ्या कडांवर संशय घेतला, पण पिंपावर? पिंपावर कोण संशय घेणार! आणि निळ्या पिंपावर निळा रंग, तो मला दिसणार तरी कसा?

"तुला कधीपासून वाटत होतं?" मी सूनबाईला विचारलं.

"दोन महिने झाले. रोज बघते ना मी, तुम्ही कशा वाकता ते."

"मग बोलली का नाहीस?"

"पिंपाबद्दल? तुम्हाला?" ती म्हणाली. "ह्यांच्याशी तुम्ही दोन दिवस बोलला नव्हता. माझ्याशी महिनाभर बोलला नसता."

खरं होतं ते. मला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, माझ्या पिंपाला हात लावलाच कसा. पण राग धरायला वेळच मिळाला नाही, कारण मला हसू यायला लागलं. मी हसले तशी तीही हसली, पोळी तव्यावर करपली, आणि आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून निळ्या पदराकडे बघत हसत राहिलो.

संध्याकाळी मुलगा आला. मी त्याला गॅलरीत नेलं आणि डावा हात काठावर ठेवून दाखवला. पट्टा आणि काठ, एकाशी एक. त्याने काठावरून बोट फिरवलं.

"हे पिंप?" तो म्हणाला.

"हे पिंप. चोर सापडला, आता मला सोड."

"सोडतो. पण चोराचं काय करायचं?"

हे अवघड होतं. मी रात्रीच्या जेवणापर्यंत वेळ मागून घेतला. जेवताना म्हटलं, पिंप टाकायचं नाही. पण भरायचंही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून ते रिकामं केलं, पुसलं आणि गॅलरीतच उलटं घातलं. त्याच्या पाठीवर तुळशीची कुंडी ठेवली. आता तुळस माझ्या छातीशी येते, पाणी घालायला वाकावं लागत नाही. एक कळशी मात्र मी पहाटे भरून ओट्यावर ठेवते. तेवढी मुभा मला डॉक्टरनेही दिली असती.

राहिला प्रश्न लांब बाह्यांचा. मे महिना तोंडावर आणि मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून मसाला गल्लीत? सूनबाई दादरला गेली होती, फुटपाथवरून काहीतरी घेऊन आली. स्कूटरवरच्या मुली उन्हासाठी हातात घालतात ते, मोज्यासारखं, मनगटापासून खांद्यापर्यंत. त्यावर गुलाबी फुलं.

"हे मी घालू?"

"सैल घेतलंय मुद्दाम. दाबणार नाही."

"लोक हसतील."

"तुम्ही गल्लीत भांडायला लागलात की कोण हसतंय?"

घातलं. शेजारीण लिफ्टमध्ये भेटली, तिने खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "गो, स्कूटर कधी घेतलंस?" दोन दिवसांनी तिच्याही हातात तसलेच, तिचे हिरवे. तेल चोळणं मात्र तिने सोडलेलं नाही, मी सांगून थकले.

मी गेले, एकटीच. पिशव्या कोपरात अडकवायच्या नाहीत ही एक अट होती, म्हणून चाकांची पिशवी ओढत नेली. मिरच्या मोडून बघितल्या, दुकानदाराशी नेहमीसारखी भांडले. त्याने विचारलं, "आजी, या वर्षी पोत्यावर बसणार नाही ना?" मी म्हटलं, "तू तोंड बंद ठेवणार असशील तर बसते." डंकावर माझा नंबर लागला, दणदण आवाज, हवेत तिखट, सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. एवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल.

"आई, कुठे आहेस?"

"ऐकू येतंय ना? डंकावर!"

"हात दाखव."

"आत्ता?"

"आत्ता. डावा."

रांगेतल्या सगळ्या बायका बघायला लागल्या. मी गुलाबी फुलं कोपरापर्यंत वर सरकवली आणि हात फोनसमोर धरला. जुना डाग तपकिरी होऊन फिका पडत आला होता, बॉलपेनची रेघ कधीच धुऊन गेली होती. नवं काही नाही. मनगटाला तेवढी लाल भुकटी.

"ते लाल काय आहे?" तो ओरडला.

"मिरची, मेल्या!" मीही ओरडले, आणि फोन ठेवून दिला, कारण माझा मसाला डंकातून निघत होता.